मालवणी जेवणाचा बाजार, मुक्काम मिल्पिटस

मालवणी जेवण करून विकायचं ठरवलं तेव्हा सामानाची काळजी माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. राहायला फ्रीमॉन्टला, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात इंडियन ग्रोसरीची दुकानं हवी तेवढी. डाळी, पोहे, कोकम, बेडगी मिरची, शोधलं तर कुळथाचं पीठसुद्धा मिळतं. पण आठवड्याचा मेनू लिहून यादी काढायला बसलो आणि निम्म्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह लागलं. केळफूल? नाही. शेवग्याचा पाला? नाही. सुरमई, बांगडा, तिसऱ्या? नाव काढू नका. आपण ज्याला इंडियन दुकान म्हणतो ते मुळात गुजरातच्या, पंजाबच्या आणि अलीकडे आंध्र-तेलंगणाच्या स्वयंपाकघरासाठी मांडलेलं असतं. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर निघालं आणि पुढे जी दुकानं झाली त्यांतल्या बहुतेकांनी साधारण तोच साचा उचलला. त्या साच्यात मासळीचा काउंटर नाही. तक्रार नाही; ज्यानं दुकान काढलं त्यानं आपल्या गिऱ्हाइकाचा विचार केला. फक्त ते गिऱ्हाईक मालवणचं नव्हतं.

माझं म्हणाल तर दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकलो, उमेदीची वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या किचनमध्ये घालवली. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत घरच्या माणसांचं जेवण, एवढाच माझा धंदा. मग कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं वाट करून दिली. २०१८ साली मंजूर झालेल्या कायद्यानुसार घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेलं जेवण विकता येतं, मात्र तुमच्या काउंटीनं त्याला होकार दिलेला हवा. आमच्या अलामीडा काउंटीनं दिला आहे. इन्स्पेक्टर येऊन सिंक, फ्रिज, थर्मामीटर बघून जातो. दिवसाला ३० जेवणांच्या वर जायचं नाही आणि ज्या दिवशी शिजवलं त्याच दिवशी द्यायचं. या दुसऱ्या अटीवर आई फोनवर हसली. कालचं कालवण आज जास्त चांगलं लागतं, हे तिचं जन्माचं मत. पण नियम तो नियम. सकाळी बाजार, दुपारी गॅस, संध्याकाळी डबे. बाजार जवळचा हवा आणि माल ताजा हवा. म्हणून मिल्पिटस.

मिल्पिटस आमच्या शेजारचंच गाव. तिथे नाइन्टी-नाइन रँच या साखळीचं मोठं चिनी सुपरमार्केट आहे. तैवानहून आलेल्या रॉजर चेन यांनी पहिलं दुकान १९८४ साली काढलं ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरला, म्हणजे सायगाव पडल्यावर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या वस्तीत. तेव्हापासूनची ती सरमिसळ आजही शेल्फावर दिसते: चिनी सोया सॉसच्या बाजूला व्हिएतनामी फिश सॉस, त्याच्या खाली थायलंडची नारळाच्या दुधाची टेट्रापॅक.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की तुमच्याकडे कुणी बघत नाही. अमेरिकन दुकानात दारातच कुणीतरी हसून विचारतं, काय हवंय, मदत करू का. इथे मागून ट्रॉली येऊन टाचेला लागते. ज्यानं संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर भाजी घेतली आहे त्याला हे बरंच वाटतं. कुणी विचारत नाही म्हणजे कुणाला उत्तर द्यायला नको. हवा तितका वेळ उभं राहा, हातात घ्या, वास घ्या, परत ठेवा.

आणि उभं राहावंच लागतं. पालेभाज्यांची एक अख्खी भिंत. वर चिनी लिपीतली पाटी, त्याखाली इंग्रजी अक्षरांत काहीतरी चॉय, त्याखाली पाउंडाचा भाव. हॉटेलात मी चायनीज सेक्शनला काम केलेलं, पण मुंबईचं चायनीज म्हणजे कोबी, सिमला मिरची आणि तीन बाटल्या. या भिंतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. धंद्यातल्या माणसाची इथे अडचण उलट जास्त होते. देठ कोवळा आहे, पान जून आहे, हे हाताला कळतं. पण शिजल्यावर याला पाणी सुटणार की ते चिकट होणार, नारळ सोसणार की नाही, हे ठाऊक नसतं. घरी एक वेळ खपून जाईल. पैसे दिलेल्या माणसाच्या डब्यात प्रयोग पाठवता येत नाही.

दुकानात भाजी लावणाऱ्यांना विचारावं, तर ती मुलं बहुतेक मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. चिनी नावं त्यांना तोंडपाठ, पेटी आज फुटली की काल तेही ठाऊक, पण ही खातात कशी म्हटलं की खांदे उडवतात. त्यांच्या घरी ती शिजतच नाही. मग मी विचारणं सोडलं आणि दुसऱ्यांच्या ट्रॉल्यांत बघायला लागलो. सभ्यपणाचं नाही हे, कबूल. पण नवख्या गिऱ्हाइकाला याहून चांगली शाळा नाही. साठीच्या पुढची बाई काय उचलते, काय नाकारते आणि कशाच्या शेजारी काय ठेवते, यावर नजर ठेवायची. एकीच्या ट्रॉलीत कोहळ्याची फोड, आल्याचा तुकडा आणि सुक्या कोलंबीची पुडी एकत्र दिसली आणि मला अख्खी पाककृती वाचता आली. आपण दुधीत, वांग्यात सोडे घालतो. ती कोहळ्याच्या सूपमध्ये घालणार. आता तो कोहळा माझ्या मेनूत सोड्यांसकट आहे. (त्यांची सुकी कोलंबी मिठाच्या पाण्यात उकडून मग सुकवतात, म्हणून ती केशरी दिसते आणि खारट असते. आपले सोडे कच्चेच सोलून उन्हात घालतात. त्यांची वापरायची तर मीठ हात राखून.)

एकदा असं बघायला लागलं की ओळखीचे चेहरे भराभर सापडतात. शिरांचा दोडका, बिनशिरांचं घोसाळं, हातभर लांब चवळीच्या शेंगा, मधोमध तांबडी शीर असलेला माठ, नाळीची भाजी. चिनी कारलं फिकट, गुळगुळीत आणि आपल्यापेक्षा कमी कडू. कारलं न खाणाऱ्यांना खपवायला उत्तम, पण कारल्याचा खरा भक्त डबा परत पाठवील. दोडका तर इंडियन दुकानापेक्षा इथे नेहमी ताजा, कारण इथे तो रोज खपतो.

केळफुलासाठी मात्र थोडं पुढे, सॅन होजेला जावं लागतं. तिथे व्हिएतनामी वस्ती मोठी, आणि त्यांच्या बाजारात केळफूल कांद्या-बटाट्याइतकं साधं. एका सकाळी मी ढिगातून घट्ट मिटलेली फुलं निवडत होतो आणि शेजारच्या आजीबाईंनी माझ्या हातातलं एक काढून परत ठेवलं. देठाशी काळं पडलं होतं. दुसरं दिलं. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं व्हिएतनामी शून्य. हातवाऱ्यांनी विचारलं, तुम्ही याचं काय करता? त्यांनी वरची दोन जांभळी आवरणं सोलल्यासारखं केलं आणि आतली फिकी पाकळी बोटावर बोट घासून बारीक, अगदी केसासारखी चिरून दाखवली. मग लिंबू पिळायची खूण. म्हटलं, आणि पाकळीखालची ही बारीक फुलं? त्यांनी हात झटकला. टाकायची. कडू. मी सांगितलं, आम्ही पाकळ्या टाकतो आणि फुलं खातो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या माणसाला घरी कुणी शिकवलं नाही वाटतं.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. ती फुलं खायची म्हणजे सोपं काम नव्हे. एकेक फूल उघडून मधली डोकं असलेली ताठ दांडी आणि बाजूचा पारदर्शक पापुद्रा काढायचा, हाताला तेल लावून, नाहीतर बोटं काळी. मग चिरून ताकात टाकायचं, पिळून घ्यायचं, काळे वाटाणे, गूळ, ओलं खोबरं. तासभर निवडलं की वाटीभर हाती लागतं. व्हिएतनामी बाई या कष्टात पडत नाही, दुसराच भाग खाते आणि मोकळी होते. त्या दिवसापासून आमच्याकडे एका केळफुलाचे दोन पदार्थ होतात. फुलांची भाजी आपली, आणि आतल्या कोवळ्या पाकळ्या लिंबाच्या पाण्यात चिरून, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून कोशिंबीर. कोशिंबिरीला मागणी जास्त आहे, हे भाजी निवडणाऱ्याला जरा लागतं.

माझं सर्वांत आवडतं दुकान मात्र फिलिपिनो. सीफूड सिटी या नावाची साखळी, १९८९ साली सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीत सुरू झालेली. मिल्पिटसला तिची शाखा आहे. नावाप्रमाणे मासळीसाठी जावं, पण मी आधी भाजीच्या बाजूला वळतो. शेवग्याचा पाला तिथे ताजा मिळतो, जुड्या बांधलेला; फिलिपिनो माणूस तो कोंबडीच्या रश्शात घालतो. आमच्या सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीचा उपास सुटतो तो शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीवर. अमेरिकेत हे पान आपल्या वाट्याला यायचं नाही, असं धरून चाललेली कितीतरी कुटुंबं माझ्याकडे अष्टमीची ऑर्डर देतात. कोनफळ फ्रीजरमध्ये मिळतं, किसलेलं, जांभळंजर्द. त्यांचा उबे म्हणजे आपलं कोनफळच. काप करायचे तर अख्खं हवं, ते क्वचित येतं. पण खीर करायला किसलेलं झकास.

आणि अळू. तेही वाळवलेलं. पिशवीत भरलेली काळपट, चुरगळलेली पानं; चहाची पत्ती म्हणून कुणी उकळायला घेतली तरी नवल नाही. मी पिशवी उलटसुलट करत असताना एक प्रौढ फिलिपिनो बाई थांबल्या. बिकोल प्रांतातल्या. हे नारळाच्या दुधात शिजवायचं, भरपूर मिरच्या घालायच्या, म्हणाल्या. आणि एक अट घातली: पानं पूर्ण शिजेपर्यंत ढवळायचं नाही. ढवळलं तर घशाला खाज सुटते. मी म्हटलं, आन्टी, आमच्याकडे खाज जायला चिंच घालतात. त्यांनी मान हलवली. चिंच नाही, ढवळायचं नाही. घरी येऊन आईला फोन लावला. ती ऐकून घेते कुठली! "ढवळूचा नाय तर खाली करपतला मां. चिच घाल रे, नायतर घसो खाजतलो." अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांची, नीट, बराच वेळ शिजवणं हा दोन्हीकडचा सामायिक उपाय. मी दोघींचं ऐकतो. मंद आचेवर झाकण ठेवून न ढवळता शिजवतो, मग चिंच-गूळ घालून घोटतो. वाळवलेल्या पानाचं फदफदं दाट आणि थोडं धुरकट होतं, चांगलं होतं. अळूवडीला मात्र ताजं पानच लागतं. त्यासाठी हेवर्डला फिजीहून आलेल्या भारतीयांची दुकानं धुंडाळावी.

मासळीच्या काउंटरवर नंबर घ्यायचा. बर्फावर मासे मांडलेले, चिमटा ठेवलेला, पिशव्या टांगलेल्या. आपण निवडायचं आणि पिशवी काउंटरवर द्यायची. पलीकडे भिंतीवर चित्रांचा तक्ता: नुसतं साफ, डोक्यासकट, डोक्याशिवाय, तुकड्या, मधोमध चिरून. ज्याला जे हवं त्याचा आकडा सांगायचा. मालवणच्या बाजारात कोळणीशी घासाघीस केलेल्या माणसाला हे फार कोरडं वाटतं, पण माल बघण्याची रीत तीच. कल्ला उचलून लाल आहे का पाहा, डोळा फुगीर आहे का, पोटावर बोट दाबलं तर खड्डा भरून येतो का. इथे कल्ला उचलणाऱ्याला कुणी हटकत नाही. तानिगे अशी पाटी दिसली की ती आपली सुरमई. अलुमाहान हा आपला बांगडा. सोनेरी पापलेट म्हणून जो स्वस्त मासा असतो तो पापलेट नव्हेच, वेगळ्या कुळातला आहे. तळून वाईट नाही, पण पापलेटच्या भावानं कुणाला वाढू नये.

मासे कापणारा माणूस मेक्सिकोच्या व्हेराक्रूझचा, म्हणजे किनाऱ्यावरचा. तक्त्यात माझ्या जाडीची तुकडी नव्हती. मी करंगळी आडवी धरून दाखवली, एवढी. त्यानं एक कापून वर धरली, मी मान डोलावली. मग डोकं उचलून विचारलं, हे टाकू? मी दोन्ही हात पुढे केले. तो हसला आणि डोकं मधोमध चिरून, कल्ले काढून, वेगळ्या पिशवीत घालून दिलं. न सांगता. डोक्याचं कालवण त्याच्याही घरी होत असणार. चिनी दुकानात मासा घेतला तर फुकट तळूनही देतात. पुष्कळांना त्याचं अप्रूप आहे. पण तिखट-मीठ-कोकम न लावलेला मासा तळून मिळाला काय आणि न मिळाला काय!

बांगड्याच्या तिखल्याला तिरफळं लागतात, आणि ती संपली की मालवणचं पार्सल येईपर्यंत हात चोळत बसायची पाळी. चिनी दुकानातल्या मसाल्यांच्या रांगेत सिचुआन मिरीच्या पुडीला तिरफळं फोडल्यासारखा वास आला तेव्हा नाकानं आधी ओळखलं. दोन्ही झाडं एकाच प्रजातीतली, चुलत भावंडं. अमेरिकेत १९६८ ते २००५ या काळात तिच्या आयातीवर बंदी होती, कारण लिंबूवर्गीय झाडांचा एक रोग तिच्यासोबत येईल अशी भीती; बंदी उठली तीही आधी उष्णतेची प्रक्रिया करून आणायच्या अटीवर. तांबडी मिरी जीभ फार बधिर करते. हिरवी घ्या, तिचा वास तिरफळाच्या जवळचा. तिरफळाच्या निम्म्या अंदाजानं, किंचित ठेचून, शेवटी घालायची. खरं तिरफळ ते खरंच, पण तोवर काम भागतं.

आता थोडं कडू. आपल्यातले पुष्कळ लोक या दुकानांच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून परत फिरतात. "वास येतो हो" म्हणतात. टाकीत जिवंत मासे आणि बर्फावर मेलेले असताना गुलाबाचा वास कसा येणार? सातपाटीला, ससून डॉकला येतो तोच हा वास. त्यातले काही माझ्याकडून सुरमईची थाळी नेतात आणि सुरमई कुठून आणली हे विचारतात; सांगितलं की चेहरा बदलतो. मी सांगायचं सोडलेलं नाही. परवान्याच्या नियमांप्रमाणे माल मान्यताप्राप्त ठिकाणचाच लागतो, मी पावत्या जपून ठेवतो, ज्याला बघायच्या त्यानं बघाव्यात.

शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी मात्र सावध राहावंच लागतं. थाय करी पेस्टच्या डबीवर भाज्यांचं चित्र असतं आणि आत कोलंबीची पेस्ट. किमचीतही बहुधा मासळी असते. आयात मालाला मागे इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली असते, ती बारीक अक्षरं वाचल्याशिवाय डबी ट्रॉलीत टाकत नाही. पण याच दुकानात चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय इंडियन दुकानापेक्षा चांगली होते, हे तैवानच्या एका गिऱ्हाईक बाईंनी दाखवून दिलं. तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य, आणि तैवानच्या पाकिटांवर शाकाहाराचा प्रकार छापलेला असतो: पूर्ण शाकाहारी, दुधाचं, अंड्याचं, आणि कांदा-लसणीच्या वर्गातलं असेल तर तसं वेगळं. पहिल्या प्रकारावरची चिनी अक्षरं मी फोनमध्ये फोटो काढून ठेवली आहेत. ती जुळली की सोयाबीनचे तुकडे, टोफूच्या पट्ट्या निर्धास्त घ्यायच्या. पुष्कळ चिनी आणि व्हिएतनामी घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार असतो. टोफूचं शेल्फ रिकामं आणि फुलांच्या बादल्यांभोवती गर्दी दिसली, की मी कालनिर्णय न बघता ओळखतो, उद्या पौर्णिमा.

तिथीचं हे गणित भाद्रपदात उपयोगी पडतं. त्यांचा मध्य-शरदाचा सण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला, आणि ती बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमाच. २०२४ साली तर तो दिवस आणि अनंत चतुर्दशी एकाच तारखेला, १७ सप्टेंबरला आली. २०२५ साली त्यांच्याकडे अधिक महिना पडला, आपल्याकडे नाही. त्यामुळे तो सण घसरून ६ ऑक्टोबरला, थेट कोजागिरीवर गेला. एरवी मात्र ज्या आठवड्यात आपली गणपतीची खरेदी त्याच सुमाराला तिथे मूनकेकचे डबे आणि पपनसांचे ढीग. पानासकट पपनस. गणपतीवरच्या माटवीला बांधायला कॅलिफोर्नियात याहून काय हवं? कवंडळं, हरणं नाहीत मिळत, ती आठवणीतच. पण पपनस, अख्ख्या फणीची हिरवी केळी, सुपारीसुद्धा, हे सगळं एका ट्रॉलीत होतं.

राहिली मोदकाची पिठी. इंडियन दुकानातलं तांदळाचं पीठ भाकरीला आणि डोशाला ठीक. ते कोरडं दळलेलं आणि जाडसर. उकडीला लागते तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, बारीक दळलेली पिठी. ती हमखास मिळते थाय शेल्फावर. इरावान छापाच्या पिशवीवर तीन मस्तकांचा हत्ती असतो, थायलंडमधला ऐरावत. गणपतीच्या प्रसादाला याहून शुभ छाप मिळणार नाही. ही पिठी तांदूळ भिजवून, ओला वाटून, मग सुकवून केलेली, त्यामुळे हाताला पावडरसारखी मऊ लागते. वास आंबेमोहराचा नाही, ते मान्य. पण पारी कागदासारखी पातळ होते आणि कळ्या तुटत नाहीत. पिठीइतकंच पाणी, चमचाभर लोणी, चिमूट मीठ, आणि उकड गरम असतानाच मळायची. सारणाला नारळ फ्रीजरमधला खवलेला, तोही तिथलाच. मंडळाच्या मोदकांची ऑर्डर मी याच पिठीवर काढतो आणि अजून कुणी पुण्याची पिठी आहे का असं सोडून दुसरं काही विचारलेलं नाही.

तेव्हा येत्या चतुर्थीला जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. इरावानच्या लाल अक्षरांच्या पिशवीत साध्या तांदळाची पिठी, हिरव्या अक्षरांच्या पिशवीत चिकट तांदळाची, निळ्या अक्षरांच्या पिशवीत टॅपिओका. लालच घ्या. पारीला चीर जात असेल तर लालच्या वाटीभर पिठीला हिरवीतली एक चमचा मिसळा, जास्त नको, नाहीतर मोदक चाळणीतच बसतो. फ्रीजरमधली केळीची पानं आधीच्याच आठवड्यात उचला, शेवटच्या दोन दिवसांत मंडळवाले सगळी नेतात. मूनकेक चाखायचे असतील तर पौर्णिमा उलटल्यावर जा, अर्ध्या भावात मिळतात.